एम.टेक. की नोकरी?

लोणेऱ्याच्या विद्यापीठातून बी.टेक. झालीस, छान. आता ऐक. संशोधनाची किंवा शिकवण्याची ओढ असेल तरच गेट, म्हणजे एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, दे. नोकरी मिळत नाही म्हणून एम.टेक.ची दोन वर्षं नको. प्रोग्रॅमिंगमध्ये हात बसवायचा असेल तर सी-डॅक या सरकारी संस्थेचा डॅक हा साधारण सहा महिन्यांचा कॉम्प्युटर डिप्लोमा कोर्स बघ. त्याला सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, आणि फीचं घरी आधीच बोलून ठेव.

तोवर चिपळुणात बसून काकांच्या आंब्याचा हिशेब कर. गंमत नाही करत! कुठल्या बागेतल्या किती पेट्या वाशीला गेल्या, दलालाकडून घेतलेली उचल किती, विक्रीच्या हिशेबाची पट्टी आली त्यात हमाली-तोलाई किती कापली, डागी, म्हणजे खराब निघालेला, माल कुठे दाखवायचा? याचे टेबल पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसमध्ये बसवताना जॉइन, ट्रान्झॅक्शन, इंडेक्स सगळं आपसूक समजेल. टू-डू लिस्टचं अ‍ॅप काय, सगळ्यांच्याच रेझ्युमेत असते.

कोड पहिल्या दिवसापासून गिटमध्ये ठेव, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद राहते. पावसात नेट गेलं तरी कमिट, म्हणजे आपल्याच मशीनवरची नोंद, होतं; पुश, म्हणजे ती सर्व्हरवर पाठवणं, नंतर कर. काकांनी मध्येच नवीन मागणी केली तर वैतागू नकोस, क्लायंट असेच असतात. मुलाखतीत तेच सांग: त्यांनी काय मागितलं, तू टेबल का बदललंस.