डिस्क गोल्फमधले हायझर, अनहायझर, टोमाहॉक म्हणजे काय अन् ही नावं आली कुठून?

परभणीत रिलमधी बघून पोरं ग्राउंडवर फ्रिस्बी फेकायलेत म्हणून इचारलं असशील, तर ऐक. डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फसारखंच, पण चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी चकती, म्हणजे डिस्क, कमीत कमी फेकीत साखळ्यावाल्या टोपलीत, म्हणजे बास्केटमधी, टाकायची. उजव्या हातानं बॅकहँड (हात अंगासमोरून बाहेर नेत) मारताना डिस्कची अंगापासून लांबची कड खाली झुकवून सोडली की ती डावीकडं वळून पडती, तो हायझर. तीच कड वर उचलून सोडली की उजवीकडं जाती, तो अनहायझर. फोरहँड (हात बाजूनं पुढं आणत) मारलास की डिस्क उलटी फिरती त्यामुळं दिशाबी उलट्या, इथंच नवे पोरं गोंधळतेत. हायझर हे एका जुन्या खेळाडूचं आडनाव असं सांगतेत, अन् पुढं 'अन' लावलं की त्याच्या उलटं, जसं आपलं अनोळखी.

टोमाहॉक म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची हातकुऱ्हाड, दोन बोटं आतल्या कडेला लावून डोक्यावरून डिस्क तशीच फेकायची, म्हणून त्या फेकीला हे नाव. अंगठा आत लावून फेकली की थंबर. बर्डी (ठरल्यापेक्षा एक फेक कमी), बोगी (एक जास्त) हे शब्द सरळ गोल्फमधून उचललेत.

बास्केटच्या साखळ्या डिस्क गोल्फचा जनक मानल्या जाणाऱ्या एड हेड्रिकमुळं आल्या, या खेळाचं पहिलं कायमचं मैदान 1975 चं, कॅलिफोर्नियात. आधी हायझरच पक्का कर, टोमाहॉकच्या नादी लागू नको, खांदा लई दुखतो.