वाचक विचारतात : बाराखडी पाठ आहे, मग वाचता का येत नाही?

प्रश्न : ताई, माझ्या मुलाला जूनमध्ये सहा पूर्ण झाले, पहिलीत आहे. अ ते ज्ञ पाठ, बाराखडी घडाघडा म्हणतो, शाळेच्या टेस्टमध्ये दहापैकी दहा. पण कागदावर 'मगर' लिहून दिलं की "म मगरीचा, ग गवताचा, र रथाचा" म्हणतो आणि थांबतो. गोष्टीचं पुस्तक मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवतो. नक्की अडतंय कुठे? – एक आई, चिंचवड

उत्तर : अहो, तुम्ही जे लिहिलंय त्यातच उत्तर आहे. त्याला अक्षराचं नाव येतं, अक्षराचा आवाज सुटा करून पुढच्या आवाजाला जोडता येत नाही. "म मगरीचा" एवढं सगळं तोंडात असताना नुसता 'म' काढून 'ग'ला चिकटवायचा हे त्या जिवाला कसं जमणार? आजपासून घरात 'मगरीचा', 'गवताचा' बंद, फक्त म, ग, र म्हणायचं.

आधी पुस्तकाचं बघू. आज रात्री तो गोष्ट वाचत असताना त्याच्या बोटाकडे लक्ष द्या. वाक्य तोंडाने संपलेलं असतं आणि बोट अजून मधल्याच शब्दावर असतं, किंवा उलट, असं दिसलं तर गोष्ट पाठ आहे. चित्रावर हात ठेवा आणि मधलाच एक शब्द विचारा. नाही आला तर रागवू नका हां, पाठ गोष्ट वाचल्यासारखी म्हणणं ही वाचनाचीच आधीची पायरी आहे, त्याला कळलंय की पुस्तकात गोष्ट असते आणि ती दर वेळी तशीच असते, हे कळायला सुद्धा घरात कुणीतरी भरपूर वाचून दाखवावं लागतं आणि ते तुम्ही केलंय.

आता जोडणं. हे आधी कानाने, पाटी-पेन्सिल न घेता. पोळ्या लाटता लाटता विचारा, "आज भाजी कसली? भें... डी." मध्ये थोडं थांबायचं, जोडून त्याने सांगायचं. मग टो-मॅ-टो, मग तीन-चार तुकड्यांचे शब्द. भेंड्या खेळा, गाणं नको, नुसते शब्द, कारण भेंड्यांत शेवटचा आवाज पकडावा लागतो आणि आपल्याला हवंय ते नेमकं हेच. आठ-पंधरा दिवस हे करा आणि मगच कागदावर या.

कागदावर सुद्धा सगळी अक्षरं एकदम नकोत. क, म, ल, ळ आणि काना, बास. एवढ्यात किती शब्द होतात बघा : काका, मामा, काम, काल, लाल, माळ, मळा, काळा, कमळ, कमाल. 'काल काकाला काम' असं वाक्य पण होतं, आणि पहिल्यांदा वाक्य स्वतः वाचल्यावर पोराचा चेहरा बघाच तुम्ही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी अक्षरांचे असे छोटे गट करून शिकवायची पद्धत वर्षानुवर्षं वापरली. क ते ज्ञ ओळीने गेलं तर मूल ङ आणि ञ गिरवत बसतं, ते वाचायला कधी मिळतात सांगा, आणि काना मात्र काही महिन्यांनी भेटतो. पहिल्या वेलांटीला थोडा वेळ द्या, ती अक्षराच्या आधी लिहितात आणि म्हणतात नंतर, तिथे सगळीच मुलं गडबडतात.

आणि टेस्टचं म्हणाल तर त्या दहापैकी दहामध्ये फक्त पाठांतर मोजलं गेलंय. त्याला 'लमक', 'कामळ' असे अर्थ नसलेले शब्द द्या, "जादूचे शब्द" म्हणून. ते वाचले तर तो खरंच अक्षरं जोडतोय, कारण हे शब्द कुणाला पाठ नसतात. घाई नको. २०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत या सरकारी मोहिमेचं उद्दिष्टसुद्धा तिसरी संपेपर्यंत मुलाला समजून वाचता यावं असंच आहे, आणि तुमचा मुलगा तर आत्ता पहिलीत आहे.

प्रश्न : मॅडम, मी किनवट तालुक्यात जि. प. शाळेवर आहे, पहिली-दुसरी एकत्र, ३१ मुलं, बरीचशी तांड्यावरची. प्रत्येकाचा वाचनस्तर भरून द्यायचा असतो. एवढ्यांचं एकेक कसं घेऊ? आणि काही मुलं 'आई' लिहिलेलं 'याडी' वाचतात, ते चूक धरू का? – एक शिक्षक

उत्तर : सर, 'याडी'पासून सुरू करते कारण मला ते वाचून फार बरं वाटलं. गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, आईला याडी म्हणतात, म्हणजे त्या पोराने चित्र बघितलं, अर्थ लावला आणि आपल्या भाषेत सांगितलं. त्याला अर्थ कळलाय, अक्षर अजून बघत नाहीये. वहीत अगदी असंच लिहा, लाल फुली नको. मग त्याच्याकडूनच एक वाक्य गोरमाटीत सांगून घ्या, देवनागरीत फळ्यावर लिहा आणि त्यालाच वाचू द्या. आपलं बोलणं लिहिता येतं आणि लिहिलेलं परत बोलता येतं हे त्याला तिथे दिसतं. उलटी मुलं पण असतात, मराठी उतारा खाडखाड वाचतात आणि "कोण कुठे गेलं?" विचारलं की गप्प. म्हणून वाचणं आणि समजणं हे दोन रकाने वेगळेच ठेवा.

आता ३१ जणांचं. एका दिवसात उरकायचं मनातून काढून टाका. रोज तीन मुलं, बाकीची चित्र काढताना, तुम्ही जमिनीवर त्याच्या शेजारी बसून, समोर नाही. पाच मिनिटं पुरतात, दोन आठवडे व्हायच्या आत वर्ग होतो. सगळ्यांसमोर उभं करून वाचून घेऊ नका, घाबरलेलं मूल येत असलेलं पण विसरतं. २००५ पासून 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत असंच एकेकाला घेतात : आधी छोटा उतारा, जमला तर मोठी गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं, आणि शब्द-अक्षरांत पाचपैकी चार बरोबर आले की तो स्तर. सोपं आहे, वापरा. पण त्यातून मूल कुठे आहे तेवढंच कळतं, उद्या त्याला काय शिकवायचं ते नाही कळत. ते त्याच्या चुकीत असतं. 'दिवा'ला 'दवा' म्हणालं तर वेलांटी सुटतेय, 'घर'ला 'धर' म्हणालं तर घ-ध शेजारी ठेवून बघायला हवं, 'कपाट'ला 'कपडा' म्हणालं तर पहिली दोन अक्षरं बघून पुढचं मनाने म्हणतंय. ही तीन मुलं तक्त्यात एकाच 'शब्द स्तरा'वर दिसतील सर, आणि तिघांना लागणारं काम मात्र वेगळं आहे. म्हणून मूल जे म्हणालं ते जसंच्या तसं लिहून ठेवा, एक दोनशेपानी वही, प्रत्येकाला चार पानं.

प्रश्न : नात पाच वर्षांची, 'क' उलटा काढते, '३' पण उलटा. रोज दोन पानं गिरवून घेतो, रडते. – एक आजोबा, सांगली

उत्तर : आजोबा, गिरवणं थांबवा. या वयात उलटं काढणं सर्रास असतं, बहुतेक मुलांचं सातपर्यंत आपोआप सुटतं. बोटांत ताकद यायला मटार सोलू द्या, कणकेचे साप करू द्या, अंगणात रांगोळीचे ठिपके. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी सुरू केली तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून आसपासच्या वस्तूंतूनच साधनं केली होती, तुमच्या परसातही भरपूर मिळेल. दुसरीत गेल्यावरही उलटं येत असेल आणि वाचायला पण जड जात असेल तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग शाळेतल्या बाईंशी बोला. तोवर रात्री तिला मांडीवर घेऊन एक गोष्ट वाचा, ओळीखाली बोट फिरवत.