जुन्या गाडीचे शॉकअप बदलताना

प्रश्न: माझ्याकडे 2009 सालची पेट्रोल स्विफ्ट आहे. ती सव्वा लाख किलोमीटरहून अधिक चालली असून 2024 मध्ये नोंदणीचे नूतनीकरण करून घेतल्यामुळे आणखी काही वर्षे ती वापरण्याचा विचार आहे. राहण्यास कोल्हापुरात असलो, तरी कामानिमित्त गगनबावड्याकडे आणि तेथून घाट उतरून वैभववाडीपर्यंत वरचेवर जावे लागते. अलीकडे गतिरोधक ओलांडला की गाडी हेलकावे खात राहते, ब्रेक दाबल्यावर पुढचा भाग खाली जातो, पुढच्या डाव्या चाकाकडून खडखड ऐकू येते आणि मागची बाजू बसल्यासारखी दिसते. एका मिस्त्रींनी चारही शॉकअप बदलण्यास सांगितले. दुसऱ्यांच्या मते डावीकडचा एकच गेला असून तो उद्यमनगरात तेल भरून दुरुस्त करून घ्यावा आणि मागच्या स्प्रिंगमध्ये रबरी बफर घालावेत. कोणाचे ऐकावे? आणि गॅसचे शॉकअप घेणे योग्य ठरेल का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर: आपण सांगितलेल्या चार तक्रारींचे मूळ एकच असेल असे नाही, आणि दोन्ही मिस्त्रींनी ती एकत्र बांधल्यामुळे आपला गोंधळ झालेला दिसतो. गाडीचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंग करते. दाबली गेलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा उसळत राहू नये, ही जबाबदारी शॉकअपची असते. त्याच्या नळीतील पिस्टन तेलात वरखाली होतो, तेल लहान झडपांतून रेटले जाते आणि उसळीतील शक्ती उष्णतेच्या रूपाने निघून जाते. कार्यालयांच्या दारावर लावलेला, दार हळूहळू बंद करणारा क्लोजर याच तत्त्वावर चालतो. त्यामुळे हेलकावे आणि ब्रेक लावताना पुढचा भाग झुकणे या दोन तक्रारींत पहिला संशय शॉकअपवर घ्यावा. मागची बाजू बसली असेल, तर मात्र दोष स्प्रिंगचा असण्याची शक्यता अधिक आहे, कारण शॉकअप कितीही नवे घातले तरी गाडीची उंची ते ठरवत नाहीत.

खात्री करून घेणे फारसे अवघड नाही. गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवावे, म्हणजे चाकामागचा स्ट्रट, म्हणजेच स्प्रिंगसह बसवलेला पुढचा शॉकअप, बॅटरीच्या उजेडात नीट दिसतो. पिस्टनच्या दांडीच्या खाली, नळीवर तेलाचा पुसट ओलावा असणे दोषाचे लक्षण नाही. परंतु तेल ओघळून खालपर्यंत आले असेल आणि त्यावर धूळ बसून काळा, चिकट थर जमला असेल, तर सील गेले असे समजावे. त्यानंतर टायरवरून तळहात फिरवावा. टायरच्या परिघावर थोड्या थोड्या अंतराने खळगे लागत असतील, तर चाक रस्त्यावर टेकून न राहता नाचत आहे. पावसाळ्यात करूळ घाटाच्या ओल्या वळणावर हे विशेष घातक ठरते, कारण चाक क्षणभर जरी सुटले तरी तेवढ्यापुरता ब्रेकही निकामी आणि स्टिअरिंगही. बॉनेटच्या कोपऱ्यावर जोर देऊन गाडी दाबण्याची आणि सोडण्याची चाचणी सर्वांना ठाऊक आहे. सुटलेली गाडी एकदा वर येऊन स्थिरावली पाहिजे. मात्र या चाचणीत पूर्ण निकामी झालेला शॉकअपच काय तो सापडतो. अर्धवट थकलेला तीत सहज उत्तीर्ण होतो, म्हणून केवळ तिच्यावर विसंबू नये.

आता खडखडीविषयी. बारीक खड्ड्यांवरून हळू जाताना येणारा आवाज बहुतेक वेळा शॉकअपचा नसतो. स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याच्या) लिंकचे सांधे, लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेचे) बुश म्हणजे रबरी अस्तरे, बॉल जॉइंट आणि स्ट्रटच्या डोक्यावरचे माउंट (त्याला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी बैठक) हे खरे संशयित असतात. माउंटमधील बेअरिंग तपासण्यासाठी, गाडी उभी असताना एकाने स्टिअरिंग सावकाश फिरवावे आणि दुसऱ्याने स्प्रिंगच्या बाहेरच्या अंगाला हलकेच बोट टेकवावे. स्प्रिंग सलग न फिरता अडखळत असेल आणि टणकन सुटत असेल, तर बेअरिंग अडकले आहे. आमच्या मते पंधरा वर्षांच्या गाडीत रबराचे हे सुटे भाग तपासण्यापूर्वी शॉकअपची खरेदी करूच नये, कारण महागडे शॉकअप बसवूनही आवाज तसाच राहिल्याच्या तक्रारी बऱ्याचदा याच चुकीतून येतात.

तपासणीत पुढचा एक शॉकअप सदोष आढळला तरी पुढचे दोन्ही बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसरीकडे थकलेला असल्यास खड्ड्यात किंवा जोराच्या ब्रेकला दोन्ही चाके सारखी वागत नाहीत आणि गाडी एका अंगाला ओढते. मागचे दोन ठीक असतील, तर ते आताच बदलण्याची सक्ती नाही. तरी सव्वा लाख किलोमीटर हे अंतर लक्षात घेता त्यांचाही शेवट जवळ आला असावा.

तेल भरून घेण्याच्या सूचनेबद्दल थोडे स्पष्ट लिहावे लागेल. उद्यमनगरातील कारागिरांचे कसब वादातीत आहे आणि ओतकाम किंवा लेथवरचे काम तेथे अतिशय उत्तम होते. परंतु मोटारीचा शॉकअप कारखान्यात कायमचा बंद केलेला असतो. तो कापून पुन्हा जोडला, तरी आत नेमके किती आणि किती पातळ तेल हवे, गॅसचा दाब किती असावा आणि झडपांची झीज कशी भरून काढावी, हे प्रश्न शिल्लक राहतात. शिवाय स्विफ्टच्या पुढच्या भागात मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे तेथे शॉकअप हाच चाक धरून ठेवणाऱ्या रचनेचा एक खांब असतो. अशा भागावर जोडकाम करून घेऊ नये.

‘गॅसचा’ म्हटला जाणारा शॉकअपही तेलावरच चालतो. खराब रस्त्यावर पिस्टन सतत वेगाने हलल्याने तेलात फेस होतो आणि फेसाळलेले तेल रोध करू शकत नाही. नायट्रोजनच्या दाबामुळे हा फेस आटोक्यात राहतो. आपल्या वापरासाठी कमी दाबाचे, दुहेरी नळीचे गॅस शॉकअप पुरेसे आहेत. एकेरी नळीचे, अधिक दाबाचे शॉकअप घाटात भक्कम वाटतात हे खरे, परंतु त्यांत बाहेरची नळी हीच पिस्टनची भिंत असल्यामुळे दगड लागून पोचा पडला तर पिस्टन अडकू शकतो, आणि जुन्या गाडीच्या बुशांना त्यांचा कडकपणा सोसत नाही. म्हणून मूळ मापाचे आणि मूळ प्रकारचेच घ्यावेत. दुकानात पार्ट नंबर तपासून पाहावा. डिझेल स्विफ्टचे इंजिन वजनदार असल्याने तिचे पुढचे भाग पेट्रोलला चालतीलच असे नाही, आणि डावा व उजवा स्ट्रटही वेगळा असतो. सोबत नवे माउंट, बेअरिंग, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दाबला गेल्यास धक्का झेलणारा रबरी तुकडा) आणि धूळरोधक कव्हर घ्यावे. फाटलेल्या कव्हरमुळे दांडीवर माती बसते आणि नवे सील लवकर खराब होते.

मागच्या स्प्रिंगमध्ये बफर घालू नयेत. ते काही वेढे जखडून टाकतात, त्यामुळे उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढतो आणि शॉकअपला भलत्याच कडक स्प्रिंगशी झगडावे लागते. त्याऐवजी रिकाम्या गाडीत चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कमानीपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजून तशाच दुसऱ्या गाडीशी ताडून पाहावे. डिकीत सीएनजीची टाकी असल्यास तिचे वजनही हिशेबात धरावे. स्प्रिंग खरोखर बसली असेल, तर मागची जोडी बदलावी.

हे काम घरी करू नये. स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळल्याशिवाय माउंटचा मधला नट सैल केला, तर स्प्रिंग जीवघेण्या जोराने सुटते. बसवणाऱ्याने चमकदार दांडी पान्याने किंवा पकडीने धरू नये, कारण एक ओरखडाही सील कापण्यास पुरतो. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट अवश्य करून घ्यावे.

प्रश्न: नवे शॉकअप बसवून महिना झाला, तरी गाडी पूर्वीपेक्षा कडक लागते. कंपनीचा माल खराब असेल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर: आधी टायरमधील हवा मोजावी; दरवाज्याच्या खांबावरील तक्त्यात दिलेल्या दाबापेक्षा ती जास्त असेल, तर तेवढेच कारण पुरेसे आहे. ती योग्य असल्यास खालच्या बुशांचे बोल्ट कसे आवळले गेले हे विचारावे. चाके हवेत लोंबकळत असताना बोल्ट घट्ट केले, तर गाडी खाली येताच रबर पिळले जाते, चाल ताठर होते आणि बुश लवकर फाटतात. गॅरेजवाल्यांकडून ते बोल्ट सैल करवून घ्यावेत आणि गाडीचा भार चाकांवर असताना पुन्हा आवळून घ्यावेत.