कोरियन लग्नात लाकडी बदकांची जोडी देतात, ती खरंच पारंपरिक असते का? घेताना काय बघावं?

तुम्ही ज्याला बदक म्हणताय तो मुळात रानहंस, कोरियन भाषेत किरोगी. दुकानांत हिरव्या-लाल रंगाची जोडी दिसते ती बहुतेकदा मँडरिन बदकांची. तीही सुखी संसाराचं चिन्ह आहेच, पण लग्नविधीत मान हंसाचा. आणि जुन्या विधीला जोडी लागत नसे, एकच हंस पुरे.

जुन्या पद्धतीत लग्न वधूच्या घरी लागायचं. हंस धरून एक माणूस वराच्या पुढे चालायचा, त्याला किरोगाबी म्हणतात. हंस कापडात गुंडाळलेला, डोकं तेवढं बाहेर. वधूच्या घरी वर तो लहानशा मेजावर ठेवून दोनदा वाकून नमस्कार करायचा. मग वधूची आई तो ओच्यात घेऊन आत जायची. काही भागांत तो खोलीत हलकेच टाकत: उभा राहिला तर पहिला मुलगा, आडवा पडला तर मुलगी.

हंसच का? तो एकदाच जोडी जमवतो, थव्यात आपली जागा सोडत नाही आणि ठरल्या ऋतूला परततो, अशी समजूत. सायबेरियाकडचे हे पक्षी हिवाळ्यात कोरियाच्या भातखाचरांत उतरतात, त्यामुळे लोकांच्या रोजच्या पाहण्यातले. आधी जिवंत हंस नेत. पण ऐनवेळी तो मिळायचा कुठून? १२ व्या शतकातला चिनी विचारवंत चू शी याच्या नावावरच्या विधिग्रंथातच, नसेल तर लाकडाचा कोरा, अशी मुभा आहे. जोसॉन राजघराण्याच्या काळात (१३९२–१९१०) कोरियाने हे विधी मनापासून स्वीकारले आणि लाकडी हंस रूढ झाला.

मला यातली कोरणी फार आवडते. सोलच्या राष्ट्रीय लोकसंग्रहालयात असे हंस जरूर बघा. पोटाचा भाग एकसंध ठोकळ्यातून काढलेला, पंख म्हणजे जेमतेम दोन उठाव, पाय नाहीतच. बुड सपाट, मेजावर नीट बसावं म्हणून. मान बऱ्याचदा वेगळी कोरून भोकात बसवलेली असते. मानेच्या त्या एका बाकात सगळा पक्षी उतरतो. करणारा नेहमी कसबी सुतार असेच असं नाही. संसार सुखाचा असलेल्या मित्राने तो कोरून द्यावा, अशी रीत सांगतात. म्हणूनच दोन हंस एकसारखे सापडत नाहीत.

सोलच्या इन्साडोंग या बाजारपेठेत मिळणाऱ्या जोडीत बऱ्याचदा मादीची चोच दोऱ्याने बांधलेली असते, सुनेने कमी बोलावं म्हणून. मला ते मुळीच रुचत नाही. अशी जोडी मी कुणाला भेट देणार नाही.

घ्यायचाच असेल तर किरोगी असं नाव सांगून मागा, बिनरंगाचा बघा आणि मानेचा सांधा हलवून पाहा. जुना मिळाला तर पॉलिश मात्र करू नका. हात लागून लागून पाठीवर आलेला काळसर तुकतुकीतपणा एकदा घासला गेला की परत येत नाही.