विचारा भाऊ : गोव्यातले क्लब, बार अन् आपले पोट्टे

मागच्या महिन्यात आम्ही वाचकांना म्हटलं होतं की सोयाबीन निघालं, हातात चार पैसे आले की गाडी भरून गोव्याला निघणाऱ्या पोरांबद्दल, तिथल्या क्लब-बारबद्दल काही विचारायचं असन तर विचारा. एवढे प्रश्न आले की अर्धे पुढच्या महिन्यावर ठेवावे लागले. मी स्वतः कळंगुट-बागा पट्ट्यात अकरा वर्षं काढली, आधी ग्लास धुतले, मग स्टुअर्ड म्हणजे टेबलवर वाढणारा झालो, मग कॅप्टन म्हणजे वाढणाऱ्या पोरांचा मुख्य, अन् आता आर्णी तालुक्यात घरची शेती पाहतो. त्यामुळं जे सांगतो ते काउंटरच्या आतल्या बाजूनं पाहिलेलं आहे.

प्रश्न : बार, लाउंज, क्लब, शॅक असं माझा नातू बोलत असते, मला सगळं सारखंच वाटते. फरक काय आहे? (निवृत्त शिक्षक, दारव्हा)

उत्तर : सर, बार म्हणजे आपल्या बसस्टँडच्या मागं परमिट रूम असते ना तेच, फक्त तिथं पडदा लावून लपवत नाहीत, रस्त्यावरून दिसते. लाउंजमध्ये सोफे असतात, गाणं हळू असते, माणसं बसून बोलतात. क्लब म्हणजे नाचायची जागा अन् डीजे, तिथं रात्री अकराच्या आधी गेलं तर फरशी पुसणारा पोरगा भेटन फक्त. शॅक वाळूवर असते, बांबू अन् झापांची, पावसाळ्याआधी पूर्ण उपटून ठेवावी लागते अन् सिझन लागला की पुन्हा उभी करतात.

अन् सर, तुम्ही इतिहासाचे म्हणून सांगतो, हे काल-परवाचं नाही. 1961 पर्यंत तिथं पोर्तुगीजांचं राज्य, गावोगावी तावेर्न, म्हणजे म्हाताऱ्यांची संध्याकाळी एक पेग फेणी घेऊन गप्पा मारायची जागा. साठीच्या शेवटी-शेवटी हणजूणच्या किनाऱ्यावर हिप्पी आले. बाग्याचं टिटोज 1971 चं आहे, आता तो पूर्ण रस्ताच टिटोज लेन म्हणून ओळखतात. मग नव्वदीत ट्रान्स म्युझिक, म्हणजे एकाच ठोक्यावर रात्रभर नाचायचं मशीनचं संगीत, आलं अन् जग तिथं नाचायला यायला लागलं. काजूच्या फेणीला 2009 मध्ये जीआय, म्हणजे ही चीज याच भागाची असा सरकारी शिक्का, मिळाला. काजूचं बोंड पायानं तुडवून रस काढतात, पहिल्या वाफेचा तो हुर्राक, मार्च-एप्रिलमध्येच भेटते. मला पहिल्यांदा ती भट्टी पाहताना आपल्याकडची मोहाची आठवण आली, वास वेगळा पण मडकं, पाणी, लाकडाची आच सगळं ओळखीचं. त्यांनी आपल्या चीजेला मान मिळवून दिला याचं मला फार वाटते.

प्रश्न : आम्ही सहा मित्र गेलो होतो. कळंगुटला रस्त्यावर एकजण भेटला, म्हणे क्लबची एन्ट्री, अनलिमिटेड दारू, सोबत डान्सला मुली, माणशी तीन हजार. पैसे घेतले, आत नेलं, तिथं बिल वेगळं लावलं अन् नाही म्हटलं तर चार बाउन्सर उभे राहिले. घरी सांगता येत नाही. आमचं काय चुकलं? (एक वाचक, ता. दिग्रस)

उत्तर : पहिलं तर घरी सांगता येत नाही म्हणून गप्प बसू नका, कारण त्या दलालाचा पूर्ण धंदा तुमच्या त्या शरमेवरच चालते, त्याला माहीत आहे की यवतमाळ-वाशिमची पोरं पोलिसात जाणार नाहीत, उद्या पेपरात नाव आलं तर काय म्हणून. असं झालं की तिथूनच 112 लावायचा, बाहेर आल्यावर नाही, आत असतानाच, मोठ्या आवाजात. बाउन्सर तिथंच नरम पडते. पैसे यूपीआयनं दिले असतील तर नंबर तुमच्या फोनमध्ये आहे, तो पुरावा झाला.

आता चुकलं काय ते. रस्त्यावर जो माणूस गळ्यात आयकार्ड घालून एन्ट्री विकते तो क्लबचा नसते, हे पाठ करून ठेवा. खऱ्या क्लबची एन्ट्री त्याच्याच दारावर काउंटरला होते, हाताला पट्टी बांधतात किंवा शिक्का मारतात. अन् तिथं एक गोष्ट विचारायची, हा एन्ट्री चार्ज आहे का कव्हर चार्ज? एन्ट्री म्हणजे गेले पैसे. कव्हर म्हणजे तेवढ्याचं खाणं-पिणं तुम्हाला आत भेटते. पुष्कळ पोरं कव्हर भरून एक बियर पितात अन् निघून येतात, त्यांना कोणी सांगतच नाही की तुमचे अजून बाराशे बाकी आहेत म्हणून.

दुसरं, सहा पोट्टे मिळून गेले की त्याला तिथं स्टॅग म्हणतात, म्हणजे सोबत बाई नाही. कित्येक क्लब स्टॅगला घेत नाहीत नाहीतर दुप्पट-तिप्पट लावतात, अन् दलालाचं गिऱ्हाईक तिथूनच तयार होते, दारावर नाही म्हटलं की हा बाजूला उभाच असते, या भाऊ मी करून देतो. त्याच्यापेक्षा शॅकवर जा, तिथं सहा काय सोळा पोट्ट्यांना पण कोणी अडवत नाही, पाय वाळूत, समोर समुद्र, मेन्यू कार्डावर भाव लिहिलेला.

बिल हातात आलं की तीन गोष्टी पाहायच्या. पेग तीस मिलीचा लावला का साठचा. दारूवर जीएसटी नसते, व्हॅट असते, त्यामुळं दारूच्या रकमेवर जीएसटी लावला असन तर विचारा. अन् सर्व्हिस चार्ज सक्तीनं लावता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलं आहे, काढा म्हणून म्हणायचं, नाही काढला तर 1915 ग्राहक हेल्पलाइन आहे. पण भाऊ, तो चार्ज काढून घेतला तर वाढणाऱ्या पोराच्या हातात पन्नास-शंभर ठेवून या. रात्रभर तो तुमच्यासाठी पळालेला असते.

प्रश्न : गावात वरातीचा डीजे दहाला बंद करायला पोलीस येतात. गोव्यात पहाटेपर्यंत वाजते ते कसं काय? (कास्तकार, घाटंजी)

उत्तर : काका, नियम एकच आहे, 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. पहाटेपर्यंत वाजवायचं असन तर बंद हॉल पाहिजे, आवाज बाहेर येता कामा नये. दक्षिण गोव्यात पाळोळ्याला तर हेडफोन लावून नाचायच्या पार्ट्या सुरू झाल्या, प्रत्येकाच्या कानात गाणं अन् बाहेर नुसत्या लाटा. पण नियम मोडणारे तिथंही आहेतच. मी ज्या घरात भाड्यानं राहायचो तिथली म्हातारी माय रात्री कानात कापसाचे बोळे घालून पोर्चमध्ये बसून राहायची, झोप यायचीच नाही तिला, खिडकीची काच डीजेच्या ठोक्यावर थरथरायची अन् ती हातानं ती काच दाबून धरायची. मी त्याच क्लबमध्ये कामाला होतो. तिच्यासमोरून डबा घेऊन कामावर जाताना मान वर होत नव्हती माझी.

प्रश्न : माझा मुलगा 22 वर्षांचा आहे, बारावी झाला. एजंट म्हणते गोव्याला बारमध्ये अठरा हजार पगार, राहणं-खाणं फुकट, फक्त दहा हजार आधी द्या. वडील नाहीत त्याला. पाठवू का? (एक आई, उमरखेड)

उत्तर : मावशी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मी गेलो तेव्हा माझी आई पण अशीच विचारत फिरली होती, सांगणारं कोणी नव्हतं.

दहा हजार देऊ नका. कामाला ठेवणारा मालक कामगाराकडून पैसे घेत नाही, जो घेते तो नोकरी विकून राहिला अन् त्याच्याजवळ नोकरी असनच असं नाही. मुलाला सिझन लागायच्या आधी सप्टेंबरमध्ये स्वतः जाऊ द्या, आपल्या भागातले कोणी ना कोणी पोट्टे तिथं असतातच, त्यांच्या खोलीवर चार दिवस राहून चार ठिकाणी विचारू द्या.

काम काय असते ते पण त्याला आधीच माहीत असू द्या. पहिले सहा महिने बारवर उभं कोणी करत नाही, ग्लास धुवायला लावतात. दारू ओतणारा दिसते सगळ्यांना, मागं बर्फाची क्रेट उचलणारा दिसत नाही. गरम पाण्याच्या वाफेवर ग्लास धरायचा, कोरड्या कपड्यानं आतून बाहेरून पुसायचा, लाइटसमोर धरून पाहायचा, बोटाचा ठसा दिसला की पुन्हा. एका रात्री चारशे-पाचशे ग्लास. पहाटे तीनला बोटांची कातडी अशी पांढरी अन् सुरकुतलेली व्हायची की पऱ्हाटी वेचून फाटलेली बोटं बरी म्हणायचो मी. मग उलट्या क्रेटवर बसून थंड झालेला सांबार-भात खायचा अन् झोपायला जायचं तेव्हा उजाडत असते. पण जो टिकते तो शिकते, मावशी. इंग्रजी येते, हिशोब येते, माणूस ओळखता येते. माझ्या घरावरचा स्लॅब त्याच पैशाचा आहे.

सिझन ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात कित्येक जागा बंद होतात, पगार थांबते, ते बारा महिन्यांचं गणित एजंट सांगत नाही. आपल्या पोरांना ते जमते कारण नेमकी तेव्हा पेरणी असते, घरी येऊन हात लावता येते. दहा किंवा जास्त कामगार असले अन् पगार 21,000 पर्यंत असला तर ईएसआयसीत, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत, नाव टाकायला पाहिजे, म्हणजे आजारी पडला तर दवाखाना फुकट. कार्ड मागायला लाजू नको म्हणा त्याला.

अन् आता जे सांगतो ते कागदावर लिहून त्याच्या खिशात ठेवा. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री गोव्यातच हडफड्याला एका नाइट क्लबला आग लागली, 25 माणसं गेली. त्यातले बहुतेक पर्यटक नव्हते हो, कामाला आलेली पोरं होती, झारखंड, आसाम, नेपाळ अशा लांबलांबच्या गावची, स्वयंपाकघरात अन् खाली तळघराकडे अडकली, धुरानं गुदमरली. त्याच्या आधी 2017 च्या डिसेंबरात मुंबईला कमला मिलमध्ये गच्चीवरच्या पबला आग लागली, 14 गेले. क्लब बांधताना पुढचं दार संगमरवरी करतात अन् मागचं दार दारूच्या खोक्यांनी भरून टाकतात, हे मी माझ्या डोळ्यानं पाहिलं. आमच्या इथं किचनमागच्या दाराला सिझनभर कुलूप असायचं, का तर पोरं चोरून बियर बाहेर नेतात म्हणून. मी कॅप्टन झाल्यावर पहिलं काम ते कुलूप काढायला लावलं, मालकाशी तीन दिवस भांडलो, नोकरी जाते का काय अशी पाळी आली होती.

तुमच्या मुलाला सांगा, कामाच्या पहिल्या दिवशी पगाराच्या आधी मागचं दार पाहा. ते उघडते का, कोणत्या बाजूला उघडते, बाहेर रस्ता आहे का भिंत आहे. झोपायची खोली कुठं आहे, गॅसच्या टाक्या खोलीच्या बाजूला तर नाहीत. दार बंद असन अन् मालक ऐकत नसन तर संध्याकाळच्या गाडीनं परत ये म्हणा. दुसरी नोकरी भेटते. त्याचं नाव अन् मालकाचा नंबर मला या पत्त्यावर कळवा, मी माझ्या जुन्या सोबत्यांना त्याच्याकडं लक्ष द्यायला सांगतो.

प्रश्न : गोव्यात दारू स्वस्त आहे. येताना दोन बाटल्या आणल्या तर चालते का? (देवळी, जि. वर्धा)

उत्तर : नाही चालत. गोव्याची दारू महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे, सिंधुदुर्गात इन्सुलीला एक्साइजचा नाका आहे, गाडी उघडून पाहतात. अन् तुम्ही तर वर्ध्याचे, तो जिल्हाच दारूबंदीचा. मित्रानं सांगितलं बॅगेत कपड्यात गुंडाळून आणली तर काही होत नाही, तर तो मित्र तुमच्यासोबत कोर्टाच्या तारखेला येणार नाही.

प्रश्न : मुलगी पुण्याला कंपनीत आहे, 24 वर्षांची. मैत्रिणींसोबत गोव्याला चालली, क्लबमध्येही जाणार म्हणते, सरळ सांगितलं तिनं. तिचे बाबा चिडून राहिले. काय करू? (अकोट)

उत्तर : ताई, तिनं सरळ सांगितलं ही तुमच्या घरची मोठी कमाई आहे, ती चिडण्यात घालवू नका, नाहीतर पुढच्या वेळी ती सांगणार नाही अन् मग काही झालं तर फोन पण करणार नाही. गोव्यात पिण्याचं वय 21 आहे, ती सज्ञान आहे, कायद्यात कुठं बसत नाही असं काही नाही.

पण हे तिला सांगा, मी सांगितलं म्हणून सांगा. आपला ग्लास टेबलवर ठेवून नाचायला गेली तर परत येऊन तोच ग्लास प्यायचा नाही, नवीन घ्यायचा, पैसे गेले तरी चालतील. कोणी अनोळखी माणसानं ड्रिंक पाठवलं तर परत पाठवायचं, त्याचा राग कोणी मानत नाही तिथं. लेडीज नाइट म्हणून बायकांना दारू फुकट असते ती कशासाठी, तर बायका आल्या की पुरुष पैसे भरून येतात म्हणून, त्या रात्री आत गर्दी कशी असते त्याचा अंदाज तिला त्यावरून येईन. जेवून जा, उपाशीपोटी नको. चौघी गेल्या तर चौघींनी परत यायचं, एक मागं राहते अन् तिघी निघतात असं नाही. काही खटकलं तर बारच्या काउंटरजवळ येऊन उभं राहायचं अन् बारटेंडरला सांगायचं, आम्ही कित्येक मुलींना मागच्या बाजूनं टॅक्सीपर्यंत सोडून दिलं आहे. अन् पिऊन स्कूटी चालवायची नाही. पहिल्याच वेळी 10,000 पर्यंत दंड किंवा सहा महिने कैद आहे ते जाऊ द्या, रात्री तिथले गल्लीतले रस्ते अरुंद, वळणावर विहीर, नारळाचं झाड, अंधार, मी दर सिझनला अपघात पाहिले.

बाबांना माझा नमस्कार सांगा. मलाही मुलगी आहे.

प्रश्न : मी दारू पीत नाही. मित्र म्हणतात मग गोव्याला येऊन काय करशीन. जाऊ का नको? (मूर्तिजापूर)

उत्तर : जा बापू, नक्की जा. अकरा वर्षं दारू वाढली मी अन् एक थेंब घेतला नाही, कोणी काही म्हटलं नाही. लाउंजमध्ये फ्रेश लाइम सोडा मागायचा, नाहीतर कोकम सोडा. फक्त पोहायचं तेवढं ऐक, आपण विहिरीत सूर मारणारी माणसं, आपल्याला वाटते पाणी म्हणजे पाणी, पण समुद्र पायाखालची वाळू ओढून नेते अन् विहिरीसारखा काठ हाताला लागत नाही. लाल झेंडा दिसला की पाण्यात नाही, अंधार पडला की नाही, अन् मित्र पिऊन पाण्याकडं चालला तर त्याचा हात धर, तू शुद्धीवर असशीन म्हणून ते काम तुझंच आहे. नागपूर-मडगाव गाडी अकोल्याहून जाते, तुला मूर्तिजापूरहून अकोला जवळच. कळंगुट-बागा पाहायचं असन तर मडगावपर्यंत जाऊ नको, आधी थिवी स्टेशन लागते, तिथं उतर.