कानबानचा फळा लावला, तरी डिलिव्हरी उशिराच का?

‘फळा लावला, रकाने आखले, चिठ्ठ्या डकवल्या, आता फरक कधी दिसेल?’ हे पत्र येतच राहतं. म्हणून या वेळी त्यासंबंधीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : कानबान म्हणजे नेमकं काय?

उत्तर : जपानी शब्द, अर्थ पाटी. पुढच्या टप्प्याने माल उचलला की मागच्याने तेवढाच बनवायचा; हा निरोप कार्ड देतं. फळ्यावर एक चिठ्ठी म्हणजे एक काम आणि रकाना म्हणजे त्याचा टप्पा. टोयोटात ताइइची ओनो यांनी ही पद्धत बसवली. कल्पना अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून सुचली.

प्रश्न : आमच्या 12 जणांच्या डिझाइन ऑफिसला एक विक्रेता वर्षभराचं सॉफ्टवेअर घ्या म्हणतो. घ्यावं का?

उत्तर : आत्ता नको. दोन महिने भिंतीवरच चालवा. भिंतीवरचा चुकलेला रकाना पुसता येतो. वर्षाचे पैसे भरले की तोच रेटला जातो. ‘महिन्यात काम दुप्पट’ असं सांगणाऱ्याने तुमचं काम एकदा तरी पाहिलंय का, ते विचारा.

प्रश्न : भोसरीत आमचं फिक्स्चरचं (यंत्रावर भाग घट्ट धरून ठेवणाऱ्या साधनांचं) वर्कशॉप आहे. ‘चालू’ रकान्यात 40 कामं आहेत, सगळे राबतात, तरी तारखा चुकतात. एका वेळी हातात किती कामं घ्यायची यावर मर्यादा घातली तर माणसं रिकामी बसतील ना?

उत्तर : बसू द्या थोडा वेळ! माणूस रिकामा दिसला की मालकाचा जीव खालीवर होतो, पण काम रिकामं पडलेलं कुणाला दिसत नाही. अशाच एका वर्कशॉपमध्ये मी इन्स्पेक्शनच्या टेबलाखाली पाहिलं. सात फिक्स्चर तयार पडलेली, टॅगवर धूळ, एक तर फक्त डॉवेल पिनसाठी, म्हणजे जागा पक्की करणाऱ्या एका छोट्या खिळीसाठी अडकलेलं. फळ्यावर मात्र सातही ‘चालू’.

जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेलं गणित साधं आहे. हातात 40 कामं आणि रोज 4 बाहेर पडत असतील, तर एका कामाला सरासरी 10 दिवस लागतात. तोच वेग ठेवून हातात 20 ठेवलीत, तर 5 दिवस. रिकाम्या माणसाने नवं काम उचलायचं नाही, तुंबलेल्या टप्प्यावर हात लावायचा. ‘अर्जंट’ची लाल चिठ्ठी एका वेळी एकच. सगळंच अर्जंट म्हणजे मर्यादा मोडली. मर्यादेचा आकडा मात्र माझ्या उत्तरावरून ठरवू नका. जाणकाराला दोन दिवस फ्लोअरवर उभं करा.

प्रश्न : कानबान म्हणजे शून्य साठा, असं ऐकलं. खरं का?

उत्तर : खोटं. दिवसाला 200 नग, पुरवठ्याला 2 दिवस, 10 टक्के राखीव आणि पेटीत 40 नग असतील, तर पेटीला एक याप्रमाणे 11 कार्डं लागतात. म्हणजे 440 नगांची सोय झाली. शून्य कुठे आहे? फेब्रुवारी 1997 मध्ये टोयोटाला सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिनच्या, जपानमधल्या कारियातल्या कारखान्याला आग लागली आणि ब्रेकच्या एका झडपेपायी टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने काही दिवस थांबले. तिथे ही गत, तर ऐकीव माहितीवर गोदाम रिकामं करू नका. पुरवठादारासमोर बसून कार्डं मोजा.

प्रश्न : फळ्यावरच्या जितक्या चिठ्ठ्या पूर्ण, तितका इन्सेन्टिव्ह द्यावा का?

उत्तर : नाही. लोक एका कामाच्या पाच चिठ्ठ्या करतील.

प्रश्न : दिवाळीनंतर सुरू करू का?

उत्तर : येत्या सोमवारी करा. पदं, टीम, कामाची पद्धत आहे तशीच राहू द्या. आज जसं चालतं तसंच आधी फळ्यावर उतरवा. पहिल्याच आठवड्यात तुंबलेली जागा दिसेल. तिचा फोटो काढा आणि तो घेऊनच सल्लागाराकडे जा.