गाडीचं दुखणं: एमजीबीचे लिव्हरवाले शॉकअप काढायचे की ठेवायचे?

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी नाशिकलाच गंगापूर रोडला राहते. मामांची १९६७ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे विलायती उघडी स्पोर्ट्स कार, क्रोम बंपरवाली, आता माझ्याकडे आलीये. बरीच वर्षं झाकून उभी होती. इंजिन चालू झालं पण चालवायला भीती वाटते, स्पीडब्रेकरवर पुढून ठण्ण आवाज येतो, खड्ड्यातून गेली की नंतर बराच वेळ डुलत राहते, मागची डावी बाजू बसल्यासारखी दिसते आणि पुढच्या उजव्या शॉकअपमधून तेल गळतंय. गॅरेजवाले म्हणतात हे लिव्हरवाले शॉकअप बाबा आदमच्या काळातले, चारही काढून टेलिस्कोपिक म्हणजे नळीवाले टाकू, लोअरिंग स्प्रिंग टाकू, सगळीकडे सांध्यांमधले रबरी बुश काढून पॉलियुरेथेनचे टाकू, मग बघा. खर्च ऐकून पोटात गोळा आला. शिवाय मला विंटेज नोंदणी पण करायचीये. कुठून सुरुवात करू?

उत्तर: ताई, आधी गॅरेजवाल्यांना जरा थांबवा. त्यांनी सांगितलेली यादी धडधाकट गाडीवर हौस म्हणून करायची आहे आणि तुमची गाडी अजून धडधाकट नाही. किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्याभोवती वळतं तो उभा दांडा, खिळखिळी असेल तर वरून कितीही महाग शॉकअप लावा, ठण्ण तसंच राहणार. ॲबिंग्डनच्या कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी आधी करा, महिनाभर चालवा, मग काय कमी पडतंय ते तुम्हालाच कळेल.

आता ते बाबा आदमवाले शॉकअप. हे आर्मस्ट्राँगचे आहेत आणि पुढच्या बाजूला तो नुसता शॉकअप नाहीये, त्याचा हात म्हणजेच वरचा विशबोन, म्हणजे तो काढला तर चाकाला वरून धरायला काही उरतच नाही. म्हणूनच पुढच्या टेलिस्कोपिकच्या बऱ्याच किटमध्ये जुना लिव्हर जागेवरच ठेवतात, त्यातलं काम बंद करतात आणि शेजारी नवा शॉकअप लटकवतात. पैसे दुप्पट, वजन जास्त, आणि आपल्या रस्त्यावर बऱ्याचदा गाडी उलट कडक होते. चांगला रिबिल्ड केलेला लिव्हर शॉकअप रस्त्यावरच्या एमजीबीला पुरून उरतो असं माझं स्पष्ट मत आहे. मागे टेलिस्कोपिक लावणं सोपं आहे, बोल्टवर बसतं, पण तेही नंतरचं.

आणि इथे एक गोष्ट तुमच्या मेकॅनिकला वाचूनच दाखवा: गाडी नुसती बॉडीखाली जॅक लावून उचलली आणि पुढच्या शॉकअपचे बोल्ट सोडले तर खालचा हात मोकळा होतो आणि कॉइल स्प्रिंग उसळून बाहेर येते, माणसाचा हात तुटेल एवढा जोर असतो तिच्यात. स्प्रिंगच्या खालच्या वाटीला भक्कम आधार दिल्याशिवाय वरचं काही सोडायचं नाही, आणि गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही.

शॉकअप गेलाय का हे बघायचं तर मागचा सोपा आहे. खालची लिंक सोडा आणि लिव्हर हाताने सावकाश वर-खाली करा. दोन्हीकडे सारखा जड लागला तर ठीक, मधेच फुकट जात असेल तर तेल कमी आहे किंवा आत हवा आहे. वरचा प्लग नीट पुसून, कचरा आत न जाऊ देता, शॉकअपचं तेल भरायचं, नाही मिळालं तर मोटरसायकलचं फोर्क ऑइल चालतं, इंजिन ऑइल अजिबात नको. पण तुमचा पुढचा उजवा गळतोय म्हणजे शाफ्टचं सील आणि बुश गेलेत, त्यात तेल भरत बसणं म्हणजे नुसता टाइमपास. तो रिबिल्ड करून घ्या किंवा बदला, आणि डावाही सोबतच करा.

ठण्ण आवाजासाठी पुढचं चाक उचला, टायर वरून आणि खालून धरून हलवा. खेळ लागला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, तरीही राहिला तर किंगपिन नाहीतर खालचा पिव्होट. इतकी वर्षं उभ्या गाडीत ग्रीस दगड झालेलं असतं त्यामुळे मला तरी किंगपिनच वाटतेय. प्रत्येक बाजूला तीन ग्रीस निपल आहेत, कंपनीचं सांगणं दर ३,००० मैलांना म्हणजे साधारण ५,००० किलोमीटरला ग्रीस मारा असं होतं. मारताना चाक हवेत पाहिजे, वजन पडलेलं असेल तर जिथे खरं घासतं तिथे ग्रीस पोचतच नाही, आणि सर्व्हिस स्टेशनवाले गाडी चाकांवर उभी असतानाच पिचकारी मारून मोकळे होतात.

बुशचं म्हणाल तर पुढच्या खालच्या हातांना एमजीबी जीटी व्ही८चे बुश घ्या. आतबाहेर धातूची नळी आणि मधे चिकटवलेलं रबर, साध्या रबरापेक्षा कितीतरी टिकतात आणि पॉलियुरेथेनसारखे कुरकुरत नाहीत. पैशात बसणारं अपग्रेड हेच. नट शेवटचे आवळायचे ते गाडी चारही चाकांवर उभी असताना, हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बसवताना साबणाचं पाणी वापरा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. पॉलियुरेथेन अँटी-रोल बारला (वळणावर गाडी कलू न देणारा दांडा) लावायचं तर लावा, तिथे फरक जाणवतो.

मागची डावी बाजू बसलीये म्हणजे पाटा (मागची पट्ट्यांची स्प्रिंग) थकलाय, पण आधी चारही टायरची हवा सारखी करून, सपाट फरशीवर, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंत टेपने मोजा, डोळ्याला फसायला होतं. आपल्याकडे आडगावकडे हायवेला ट्रकच्या पाट्यांची कामं करणारे पाटा लाल तापवून वाकवून देतील, स्वस्तही पडेल, पण तापवलेल्या पाट्याचं टेंपर जातं आणि थोड्याच दिवसात परत बसतो. शक्यतो नवी जोडीच मागवा, सोबत पाट्याच्या टोकाच्या डोळ्याचे बुश, शॅकलचे बुश, रबर पॅड आणि नवे यू-बोल्ट. मागवताना एक लफडं आहे, १९६७ हे मधलं साल, रोडस्टरला त्याच सुमारास मागचा जुना बँजो ॲक्सल जाऊन सॅलिसबरी आला, आणि पार्ट दोन्हींचे वेगळे असू शकतात. खाली वाकून फोटो काढा, चॅसिस नंबर जीएचएन३ने सुरू होतो का बघा आणि तो कळवूनच ऑर्डर द्या.

लोअरिंगला तर माझा चक्क विरोध. १९७४च्या शेवटी अमेरिकन नियमांसाठी रबर बंपर आले तेव्हा कंपनीने गाडी वर उचलली, ती परत खाली आणायला लोक लोअरिंग स्प्रिंग घेतात. तुमची क्रोमवाली मुळातच खाली आहे. नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, गोलसर हवा. कॉलेज रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये असा एक दाखवा, माझ्याकडून मिसळ. तिथे स्टँडर्ड उंचीलाच सायलेन्सर घासतो.

नोंदणीचं: २०२१च्या केंद्रीय नियमात ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी विंटेज, फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात व्हीए येतं. अट अशी की चॅसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको. बुश, पाटे, रिबिल्ड शॉकअप यात काहीच अडचण नाही, ब्रॅकेट वेल्डिंग करून काही लावाल तर प्रश्न विचारले जातील. शिवाय विंटेज नोंदणीवर रोज भाजी आणायला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच, तेव्हा रोज फिरवायची असेल तर आधी विचार करा.

बोल्टबद्दल कडक सूचना. या गाडीला यूएनएफ म्हणजे इंचाच्या मापाचे आटे आहेत, पाने सुतातले लागतात. ५/१६ इंचाचा बोल्ट ७.९४ मिलिमीटर, म्हणून आपला ८चा नट एकदोन आटे जातो आणि मग अडकतो, आणि पोरं पाइप लावून जबरदस्तीने आवळतात. सस्पेन्शनला हार्डवेअरच्या दुकानातला बोल्ट लावू नका, आणि नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) प्रत्येक वेळी नवे. शेवटी अलाइनमेंट. मशीनमध्ये एमजीबी सापडणार नाही, तुम्हीच सांगा की टो-इन (पुढची चाकं समोरून जेवढी आत वळलेली असतात ते माप) १.५ ते २.३ मिलिमीटर. कँबर, कॅस्टर (चाकाचे कल) ॲडजस्ट होतच नाही, ते लाल दाखवलं तरी पैसे देऊ नका. काही शे किलोमीटरनंतर यू-बोल्ट परत आवळा, मगच कसारा घाटाचं नाव काढा.

प्रश्न: माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड आहे, सिडकोतल्या गॅरेजमध्ये पुढच्या ट्रनियनला (चाकाच्या उभ्या दांड्याचा खालचा सांधा) ग्रीस मारून देतात. स्टिअरिंग जड झालंय. शॉकअप बदलू का?

उत्तर: शॉकअपचा संबंध नाही दादा. हेराल्डच्या खालच्या ट्रनियनला ग्रीस नाही, ईपी९० गिअर ऑइल लागतं. आत आटे आहेत, त्यात ग्रीस सुकून बसतं, पाणी शिरतं, गंज धरतो आणि एक दिवस उभा दांडा तुटून चाक आडवं पडतं. ट्रायंफ स्पिटफायरवाल्यांचंही हेच दुखणं, पुढची बांधणी तीच. वरून ऑइल मारून भागणार नाही, दोन्ही बाजू खोलून धुवा, आट्यांवर खड्डे दिसले तर दांडा आणि ट्रनियन दोन्ही बदला, आणि डाव्या-उजव्याचे आटे उलटे असतात, अदलाबदल करू नका. तोपर्यंत गाडी घरीच राहू द्या.